पट्टीतले अंक

जालन्यात अंबड चौफुलीजवळच्या एका खोलीत मी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना लिनक्स शिकवतो. मुलं बहुतेक अंबड, घनसावंगी, बदनापूरकडची. पुस्तकांतल्या सरावाच्या फाइली मला कधीच पटल्या नाहीत. परक्या नावांचे कर्मचारी, डॉलरमधले पगार. बेरीज चुकली तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणून मी सांगितलं, घरच्या मोसंबीच्या विक्रीच्या पट्ट्या आणा.

अडत्याच्या एका पट्टीची एक ओळ: तारीख, अडत्या, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई. मुलांनी त्या मराठी कळफलकावरून टाइप केल्या. ‘कॅट’ने फाइल दिसली, ‘ग्रेप’ने एकाच अडत्याच्या ओळी निघाल्या. मग पाइप. एका आज्ञेचं उत्तर थेट दुसरीच्या हाती देणारी ही उभी रेघ डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ साली युनिक्समध्ये आली, आणि माझ्या मते शिकवण्यासारखी पहिली गोष्ट तीच. कोणत्या अडत्याच्या किती पट्ट्या, हे एकाने ‘कट’ आणि ‘युनिक’ जोडून काढलं. तेच नाव पुन्हापुन्हा यायला लागलं. मी गप्प राहिलो. बराच वेळ पडद्याकडे बघून तो म्हणाला, ‘‘सर, हे फक्त वरच्याच ओळीशी ताडून बघतंय.’’ त्याने मध्ये ‘सॉर्ट’ घातलं आणि मोजणी जुळली. हे त्याला आधीच सांगून टाकलं असतं, तर ते माझं राहिलं असतं.

खरी अडचण पुढे आली. बदनापूरकडच्या एका मुलीने ‘ऑक’ला क्विंटल गुणिले भाव करून बेरीज द्यायला सांगितलं. ऑक १९७७ पासून हेच काम करत आलेली भाषा; आज्ञा अचूक होती.

‘‘सर, सगळं शून्य येतंय.’’

तिने अंक देवनागरीत टाइप केले होते. माणसाला २५ म्हणजे पंचवीस. ऑकच्या लेखी ती नुसती अक्षरं, आणि अक्षरांची किंमत शून्य. ‘टीआर’ने अंक बदलून पाहिले तर कचरा निघाला, कारण ती आज्ञा एकेक बाइट बदलते आणि देवनागरीचा प्रत्येक अंक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट व्यापतो. ‘जालना’ या तीन अक्षरांचे, काने धरून, पंधरा बाइट होतात, हे आम्ही तिथेच ‘डब्ल्यूसी’ने मोजलं. यूटीएफ-८ ची ही मांडणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली केली. थॉम्पसन म्हणजे १९६९ मध्ये युनिक्सची सुरुवात करणारे. आपली लिपी या यंत्रात नीट बसली, त्यात त्यांचा हात आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

शेवटी ‘सेड’ कामी आलं. अक्षर ओळखून बदलण्याची त्याची ‘वाय’ आज्ञा, एका बाजूला देवनागरीचे दहा अंक, दुसऱ्या बाजूला इंग्रजी दहा. पुढे पाइप आणि ऑक. बेरीज आली. तिने कॅल्क्युलेटरवर पडताळली, मग हमाली-तोलाई वजा केली आणि सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहून ‘सीएचमॉड’ने चालवण्याजोगं केलं.

मूळ फाइलीतले अंक तिने मराठीच ठेवले, कारण ती तिच्या आजोबांनाही वाचायची होती. आता तिला आंबे बहार आणि मृग बहार हे हंगाम वेगळे काढून दोन्हींचा सरासरी भाव हवा आहे. त्यासाठी तारखेतला महिना तोडावा लागेल. पुढचा तास त्याचाच.