आधी नट, मग जॅक

बाबांच्या मॅटाडोरमध्ये सीटखाली बाटली जॅक असायचा, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. खंबाटकी घाटात पंक्चर झालं की हँडब्रेक ओढून ते आधी मला दगड आणायला पिटाळत. चाकांना दगड लागले की पाना माझ्या हातात. "आधी नट सैल कर गं. चाक वर उचललं की ते पान्याबरोबर फिरत बसतं." जॅक त्यानंतर.

लेस्टरला आल्यावर छोटी हॅचबॅक घेतली. तिच्या डिकीत जादा चाकच नव्हतं. फेसाची बाटली आणि हवेचा पंप, बस्स. इथल्या बऱ्याच नव्या गाड्यांत आता असंच मिळतं. खिळ्याच्या भोकाला फेस चालतो. टायरची बाजू फाटली तर तो वाया जातो. वेल्समधल्या लानेथ्लीत, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास मोटारीचं जादा चाक काढलं, आणि त्याच देशात आज गाडी चाकाविना विकतात, हे मला अजिबात पटत नाही. मी बारीक जादा चाक वेगळं घेतलं. ते ताशी 50 मैलांच्या वर पळवायचं नाही, पण घरी पोचवतं.

जॅक घेताना हात आपसूक बाटलीकडे गेला. खोक्यांवर टनांचे आकडे ठळक छापलेले असतात. मी मात्र जॅक मिटल्यावर किती उंच राहतो ते पाहिलं. बाटली जॅक बहुधा 18-20 सेंटीमीटर. हवा गेलेली हॅचबॅक इतकी बसते की तो खाली शिरतच नाही. चाकांवरचा ट्रॉली जॅक घरी उत्तम, पण डिकीत कायम वागवायला जड. शेवटी कात्री जॅक घेतला, रुंद बुडाचा, आणि माथ्यावर खाच असलेला. दाराखालच्या पत्र्याची कड त्या खाचेत बसली नाही तर पत्रा दुमडतो. सोबत एक फळी ठेवली, कारण इथल्या ओल्या मातीत बूड रुततं. मोटरवेवर मात्र यातलं काही काढायचं नाही. डाव्या दारानं उतरून कठड्यापलीकडे जायचं आणि मदत बोलवायची.

लेक आता अ‍ॅबरिस्टविथला शिकते. ए 44 चा तो डोंगराळ रस्ता ती एकटी कापते, म्हणून जाण्याआधी तिच्याकडून घरासमोर चाक बदलून घेतलं. आखूड पान्यानं नट हलेनात, तेव्हा लांब दांड्याचा आणला. एक नट तरीही हटेना: तो चोरी टाळण्यासाठी बसवलेला, स्वतंत्र किल्लीचा. किल्ली सापडली डॅशबोर्डच्या खणात, कागदांखाली. ती आता जॅकच्याच पिशवीत सुतळीनं बांधून ठेवली आहे.