एक हात लांब, एक वीत रुंद

आमच्या पालम गावात माणूस गेला की पुढचे तेरा दिवस घरच्यांना कुणी रिकामं बसू देत नाही. पहिल्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि कडू घास म्हणून समोर बसून खायला लावतात. मग राख सावडायची, गंगाखेडला नेऊन गंगेत सोडायची (गोदावरीला आमच्याकडे गोदावरी सहसा कुणी म्हणत नाही). दहाव्याला कावळ्याची वाट बघायची, तो लवकर आला नाही की गेलेल्याची कोणती इच्छा राहिली यावर अंदाज बांधायचे. तेराव्याला पंगत, सोयऱ्यांचे टॉवेल-टोपीचे आहेर. देहाचं काय करायचं, आत्म्याचं काय करायचं, हे वाडवडिलांनी फार बारकाईनं लावून दिलेलं आहे. चष्म्याचं काय करायचं, हे मात्र कुणीच सांगून ठेवलेलं नाही.

म्हणजे रूढी आहे. गेलेल्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवायचं नाही, कपडे देऊन टाकायचे, नाहीतर जीव घुटमळतो. मला ही रूढी शहाणपणाची वाटते. दोन खोल्यांत सात माणसं राहतात त्या घरात गेलेल्या माणसाला जागा अडवून बसू देणं परवडणारं नव्हतंच. पण द्यायच्या आणि टाकायच्या मधे काही वस्तू उरतात. गेलेल्याच्याच नंबरचा चष्मा, दातांची कवळी, चुन्याची डबी, उधारीचा हिशेब लिहिलेली वही. या कुणाला देता येत नाहीत आणि उकिरड्यावर टाकायला हात धजत नाही. हल्ली उलट टोकही निघालंय. चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागतो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, त्यातले काही तर गेलेल्यापेक्षा हसरे. पुढं तो फ्लेक्स कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर दिसतो. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग तोच, असं माझं मत आहे.

शेजारचे तात्या उन्हाळ्यात गेले. उभी नोकरी एसटीत, कंडक्टर. गंगाखेड डेपोच्या गाड्यांवर अर्धं आयुष्य काढलेलं. तिकिटांचा ट्रे, चिमटा, पत्र्याची पेटी हे सगळं निवृत्त होताना जमा करावं लागलं. घरी आला तो बिल्ला आणि चिमटा दाबून दाबून अंगठ्याला पडलेलं घट्टं. तेरावं झालं, पोरं चाकणला आपापल्या कंपन्यांत परत गेली. त्यांना सुट्टी किती मिळणार! तात्यांच्या बायकोनं, जिजींनी, त्यांच्या वस्तू जुन्या लुगड्यांत बांधून माळ्यावर टाकल्या. पण दुपार झाली की गाठोडी खाली यायची. चष्मा बघायचा म्हणून गाठ सोडली की धोतर, बनियन, इनहेलर, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळंच बाहेर पडायचं. मग दिवेलागणीपर्यंत त्या तशाच पसाऱ्यात.

“काय करावं बापू,” एकदा मला म्हणाल्या, “फेकवंना आन् ठेववंना.”

मी म्हणालो, जिजी, पेटी करून देतो.

आमचं घर सुताराचं. मी शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण वडील बलुत्यावर काम केलेल्या शेवटच्या पिढीतले. तिफण, कुळव, गाडीची चाकं. त्याचं धान्य खळ्यावर मिळायचं. गावातल्या मरणात सुताराचा वाटा असायचाच. मुसलमान गल्लीत कुणी गेलं की रात्री-अपरात्री दार वाजायचं, कबरीत आडव्या लावायला फळ्या हव्या असायच्या. वडील कंदील घेऊन बाहेर यायचे, हाताशी असेल ती बाभूळ कापून द्यायचे आणि पैशाचं नाव काढू द्यायचे नाहीत. मातीच्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम. रंधा, पटाशी, वाकस, गुण्या ही त्यांची हत्यारं माझ्याकडे आहेत, आणि निवृत्तीनंतर ती थोडीफार चालवायला मी शिकलो आहे.

लाकूड विकत आणावं लागलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, त्यातली फार मोठी संख्या दगडमातीच्या भिंती आणि जड छतांखाली. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर चढवायचा असतो, म्हणजे छत वर्षागणिक जड होत जातं. पालम किल्लारीपासून लांब, पण त्यानंतर इकडेही माळवदाखाली झोपणाऱ्याला वर बघितल्याशिवाय डोळा लागेना. तात्यांनी हळूहळू पैसे जमवून माळवद उतरवलं, स्लॅब टाकला. तुळया विकल्या, किलचनं जळणात गेली. माजघराच्या दाराच्या सागवानी फळ्या तेवढ्या पत्र्याच्या शेडमागं उभ्या होत्या.

मी त्याच घेतल्या. भावनेपोटी नाही, आधी सुताराच्या हिशेबानं. नवं लाकूड आमच्या उन्हाळ्यात चिरतं आणि पावसाळ्यात फुगतं. हे दार तीन पिढ्या ऊन-पाऊस खाऊन हलायचं थांबलेलं. पूर्ण थांबत नाहीच म्हणा. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलीनुसार जन्मभर आत-बाहेर होत राहतं. म्हणून पेटीचा तळ चारी बाजूंच्या खाचेत नुसता सरकवून सैल ठेवायचा, डिंकानं पक्का करायचा नाही. पक्का केला की आषाढात तो बाजू तरी उकलतो, नाहीतर स्वतः फाटतो. खिळे मी टाळले. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचं जमत नाही, भोवती काळा डाग पडतो. पूर्वीची शाई याच दोघांच्या संयोगातून करत. दारातले जुने खिळे उपटले तेव्हा प्रत्येक भोकाभोवती ते काळं कडं होतंच. कोपरे मग दाते पाडून जोडले, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे. हे काम वेळखाऊ. पटाशी एक केस जास्त गेली की सांधा खुळखुळतो.

रंधा मारला तसा वरचा धुराचा काळपटपणा निघाला आणि आतून सागाचा तेलकट, तुरट वास आला. एका फळीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या. रतिबाचं दूध की मजुरांचे दिवस? जिजींना विचारलं. त्यांनाही आठवेना. सासूबाईंच्या असतील, म्हणाल्या. ती बाजू मी रंधली नाही, झाकणाच्या आत घेतली.

पॉलिशचा प्रश्न आला. बाहेरून जवसाचं तेल चोळलं, तेही पातळ. आत काहीच नाही. कारण जिजी जे पुन्हा पुन्हा बाहेर काढत होत्या ते काय, हे मला शेजारी बसून कळलं होतं. तात्यांचा मफलर. तंबाखू, डिझेल आणि डोक्याच्या तेलाचा मिळून एक वास त्याला होता, आणि जिजी मफलर नाकाला लावत नसत, कुणी असलं की नुसता घडी घालण्याचं निमित्त करून तोंडाजवळून नेत. आत वॉर्निश मारलं असतं, तर आठवडाभरात त्या मफलरचा वास मेला असता. डांबर गोळीही म्हणूनच नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला एका पुरचुंडीत बांधून दिला, वर्षाला बदला म्हणालो.

पेटी केवढी करायची, हे मात्र लाकूड ठरवत होतं तितकंच मी ठरवत होतो. खिळ्यांची भोकं आणि वाळवीनं खाल्लेली कड सोडली की सलग तुकडा निघत होता तो एक हात लांब, एक वीत रुंद. दोन फळ्या जोडून दुप्पट करता आली असती. थोरल्या मुलानं फोनवर तेच सांगितलं, काका, मोठीच करा, सगळं मावंल. मी ऐकलं नाही. सगळं मावणार असेल तर माळ्यावरच्या गाठोड्यांनी काय घोडं मारलं होतं?

आपल्याकडे पूर्वजाला घरात जागा देण्याची जी पद्धत आहे तिचंही माप लहानच. देव्हाऱ्यात कुलदैवताच्या शेजारी वीराचा टाक असतो, चांदीच्या किंवा पितळी पत्र्यावर ठोकलेला, दोन-तीन बोटं उंच. एवढ्यात एक अख्खा माणूस. लग्नाकार्याला त्याला आंघोळ, गंध, फूल, आणि मग वर्षभर त्यानं गप्प राहायचं. टाकाला चेहरा जवळजवळ नसतोच, ही त्यातली सोय असावी. तो कुणा एकाचा राहत नाही, घराचा होतो. पण जिजींना इतक्यात तात्यांना सगळ्यांचं करायचं नव्हतं.

याच्या अगदी उलट उदाहरण पुण्यातलं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) चष्म्यांच्या व्यवसायातले, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारे. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, आणि केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या वस्तूंचा संग्रह त्याच्या नावे केला. अडकित्ते, दिवे, दौती, वजऱ्या, फण्या, वाद्यं, कोरीव दरवाजे. वीस हजारांवर वस्तू. पुढं तो सगळा त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. शाळेची सहल घेऊन मी त्या संग्रहालयात गेलो आहे. पोरं अडकित्ते बघून हसत होती, एखादा घोड्याच्या आकाराचा, एखादा मोराच्या. वस्तू दुसऱ्यांच्या घरच्या, कुणा अनोळखी आजीच्या चुलीजवळच्या, आणि पाटीवर नाव आपल्या मुलाचं. एका बापानं दुःखाला एवढा मोठा वाडा दिला. माझा त्या माणसाला दंडवत आहे, पण ते सगळ्यांना झेपणारं नव्हे. त्याला केळकरच लागतात, आणि शेवटी सरकारही.

इतरत्र पेट्यांचं हे माप कसं ठरतं तेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या इस्पितळांत मूल मृत जन्मलं तर आईबापांना एक छोटी पेटी देतात. पावलाचा ठसा, टोपी, हाताला बांधलेली पट्टी; त्यात ठेवायला दुसरं असतंच काय. युगांडात एड्सच्या साथीत आजारी आयांनी जिवंतपणीच मुलांसाठी आठवणींच्या वह्या लिहून ठेवल्या: तुझा बाप कोण, आपलं गाव कोणतं, तू बोलायला कधी लागलास. तिथं काय ठेवायचं हे जाणारी ठरवत होती. आपल्याकडे जाणारा काहीच ठरवून जात नाही. तात्या तर इनहेलर मागत गेले.

पेटी दिली तेव्हा जिजींनी ती उचलून जोखली, झाकण उघडून त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ल्हान झाली की रे.” मी म्हणालो, हो. आणि घरी निघून आलो. यात काय जावं हे शेजाऱ्यानं बघू नये असं मला वाटतं; सुतारानं तर नाहीच नाही.

त्यानंतर गाठोडी उकलली गेली, या वेळी कामासाठी. धोतरं गड्याला गेली. चपला बसस्टँडवरच्या चहावाल्याच्या बापाला बसल्या. बंडी धाकट्यानं नेली. इनहेलर आणि चिठ्ठ्या जिजींनी स्वतः चुलीत घातल्या, जरा रागानंच. पोळ्याच्या सुमारास माळा रिकामा होता आणि त्यावर कांदे पसरले होते.

काय ठेवलं ते त्यांनी आपणहून दाखवलं. मफलर. चुन्याची डबी, जिच्यावरून उभा संसार भांडण झालं ती. बिल्ला नव्हता, तो नातवानं मागितला, देऊन टाकला म्हणाल्या. चष्माही नव्हता, त्याची नुसती डबी होती आणि तिच्यात घडी करून ठेवलेलं एसटीचं तिकीट. मशीनच्या तिकिटाचा कागद उष्णतेनं उमटणारा. उन्हात, खिशात महिनाभर राहिला की छपाई उडते. हे तिकीट समोरून कोरंच झालं होतं. मागं बॉलपेननं लिहिलेलं तेवढं शाबूत: १५, आणि त्याभोवती गोल. सुट्टे नसले की कंडक्टर बाकी अशीच लिहून देतो. तात्यांनी स्वतः ती हजारो तिकिटांवर लिहिली असेल, आणि स्वतःची घ्यायची मात्र विसरून उतरले होते.

“हे कामून ठेवलं, जिजी?”

“पैसे यायचेत की त्येंचे,” त्या म्हणाल्या. “त्यो कंडक्टर मला ठाऊक हाय, ह्येंच्याच हाताखाली शिकलेला. पुढच्या बाजारी गंगाखेडला चाललेय मी.”

मी म्हणालो, पैसे दिले की तो तिकीट मागून घेईल, नाहीतर त्याच्यावर रेघ मारील.

“दाखवीन,” जिजी म्हणाल्या. “देणार नाही.”