पत्र्यावरची संध्याकाळ

कापराची वडी उघडी राहिली तर वितळत नाही, नुसती उडून जाते. धातूवर चित्र छापायची करामत याच गुणावर चालते, हे कळलं तेव्हा मोठी मौज वाटली. चित्र आधी एका खास कागदावर उलटं छापायचं, तो कागद लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवायचा आणि साधारण २०० अंश सेल्सियसला दाबायचा. शाईतल्या रंगाची थेट वाफ होते, ती लेपात शिरते आणि थंड झाल्यावर तिथेच अडकते.

मला छापून हवं होतं फ्रेडरिक चर्चचं १८६० सालचं 'ट्वायलाइट इन द विल्डरनेस'. मूळ चित्र दीड मीटरहून रुंद, अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. त्या संग्रहालयाने २०१९ मध्ये अशा जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स सर्वांना फुकट खुल्या केल्या. आणि धातूच का? तर मुंबईचे चार-पाच पावसाळे गेले की काचेमागच्या कागदावर बुरशीचे ठिपके उमटतात. आमच्या भिंतीने दोन चित्रं अशीच खाल्ली आहेत.

छापणाऱ्याने दोन छोटे नमुने दाखवले. एकात पांढरा लेप नव्हता. चित्रात जिथे पांढरं, तिथे नुसता धातू. पहिल्या नजरेला डोळे दिपले! पण दोन पावलं बाजूला सरकलो आणि आकाश राखाडी झालं. परत आलो, पुन्हा पेटलं. दुकानात सगळ्यांना हाच आवडत होता. मला नाही आवडला. या चित्रातला उजेड हलत नाही हो. वर ढगांना आग लागलेली, खाली तळं निश्चल, माणूस कुठेच नाही. सगळं एका क्षणावर थांबलेलं. ते आकाश आपण चालू तसं लुकलुकायला लागलं तर उरलं काय?

दुसरा नमुना पांढऱ्या लेपाचा, पण चकचकीत. त्यात गंमत अशी की पुढच्या काळोख्या झाडीत दुकानाची ट्यूबलाइट दिसत होती. आणि माझा चष्माही. काळा भाग जितका गडद, तितका त्याचा आरसा चांगला.

मग मॅट घेतला. त्यात काळा किंचित फिका पडतो, ते सोसलं. छापणारा पोरगा भला होता, म्हणाला, "काका, खालचं फार डार्क आहे, थोडं उजळून देऊ का?" त्याला म्हटलं, राजा, त्या अंधाराला हात लावू नकोस, वरची लाली त्याच्याच जिवावर पेटली आहे. त्याला पटलं असं वाटत नाही. पण तसंच छापून दिलं, २४ बाय १५ इंच.

आता ते खिडकीसमोरच्या नव्हे, बाजूच्या भिंतीवर आहे. मूळ तैलचित्राची सर नाही. रंगाच्या थरांतून झिरपून आलेला उजेड वेगळा, लेपात अडकलेला वेगळा. जून अर्धा सरलाय, ठिपका अजून एकही नाही.