जुनी जीप, नवं इंजिन : गिअरबॉक्स निवडताना

कडा म्हणजे नगर–जामखेड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. तालुका आष्टी, जिल्हा बीड. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. त्याआधी सगळी भिस्त रस्त्यावर, आणि खराब रस्त्यावर जिपेवर. या भागातल्या जुन्या जिपांमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं ही नेहमीची गोष्ट. गिअरबॉक्स मात्र पुष्कळदा जुनाच राहतो. ही टिपणं त्या जोडीबद्दल.

*

मूळ जोडी आधी नीट पाहावी. महिंद्राची सीजे-३बी : २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन, सत्तरीतली अश्वशक्ती, टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर. मागे टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स. पहिला २.८०, दुसरा १.५५, तिसरा सरळ एकास एक. मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शिअलमध्ये, ५.३८. ओझं ओढायला आणि शेतातून निघायला हे गणित अजूनही चोख आहे.

*

"पिकअप पायजे," असं म्हणत माणूस येतो आणि हॉर्सपॉवर विचारतो. जुन्या बोलेरोचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन ६३ अश्वशक्तीचं. आकडा जुन्या पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून जुना बॉक्स ते सहज पेलेल असं वाटतं. पण त्याचा टॉर्क मॉडेलप्रमाणे १८० ते १९५, आणि तोही पंधराशे फेऱ्यांच्या आसपास हजर. गिअरचे दात टॉर्क सोसतात. टी-९० च्या पहिल्या गिअरमध्ये १५५ चे मागच्या एक्सलवर साधारण २,३३० होतात, १९५ चे २,९३०. फरक सहाशेचा. गिअरबॉक्स निवडायचा तो या आकड्यावर.

*

टी-९० चं झाकण काढलं की पहिल्या गिअरचे दात बघावेत. या गिअरला सिंक्रो नाही. चाक सरकून दुसऱ्या चाकात घुसतं. गाडी पुरती थांबायच्या आत पहिला टाकायची सवय असेल, तर दातांची पुढची कड खाल्लेली दिसते. मग ड्रेन प्लग काढून बोटावर तेल घ्यावं. पिवळी चमक दिसली तर सिंक्रोची पितळी रिंग झिजतेय. पोलादाची कुसळं टोचली तर दात गेले. हा बॉक्स नव्या इंजिनामागे ठेवायचा की नाही, याचं निम्मं उत्तर त्या तेलातच मिळतं.

*

जुनाच बॉक्स ठेवला तर वेगाचं काय? सोळा इंची चाकं आणि ५.३८ चं हौसिंग धरलं, तर तिसऱ्या गिअरमध्ये साठच्या वेगाला इंजिन साधारण २,४५० फेरे मारतं. पेट्रोलला ते चालतं. जुन्या, ट्रॅक्टरच्या घराण्यातल्या डिझेलला त्याच्या वर फारशी जागा नसते. नगरपर्यंत गाडी रडत जाते. पाचवा गिअर ०.८ चा मिळाला, तर त्याच वेगाला फेरे १,९६० वर येतात. पाच गिअरचा खरा फायदा हा : आवाज कमी, डिझेल कमी, इंजिनाला आराम.

*

पण पाच गिअरचा बॉक्स लांब असतो. सीजे-३बी चा व्हीलबेस फक्त ८० इंच. बॉक्स लांबला की मागचा प्रोपेलर शाफ्ट वीतभर उरतो, त्याचा कोन वाढतो, आणि शाफ्टचे क्रॉस महिन्या-महिन्याला मागायला लागतात. शिवाय जुन्या जिपेचं ट्रान्सफर केसमधून निघणारं टोक उजवीकडे, मागचं हौसिंगही उजवीकडे. टू-व्हील गाडीच्या बॉक्सची शेपटी सरळ मागे. म्हणजे बॉक्सपाठोपाठ हौसिंगही बदलायचं. ९१ इंची चॅसिसवर हा खटाटोप परवडतो. आखूड जिपेवर मी तरी करू नये असंच सांगेन.

*

कंपन्यांनी काय केलं? कुर्ल्याच्या प्रीमिअरने ११८ एनई काढली तेव्हा निसानचं ११७१ सीसी इंजिन घेतलं, त्यासोबत गिअरबॉक्सही निसानचाच. ॲम्बॅसडरमध्ये इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं, तसा पाच गिअरचा बॉक्सही आला आणि स्टिअरिंगखालचा दांडा जमिनीवर उतरला. दोघांनीही जोडी फोडली नाही.

*

नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन आहे. त्याच जातीच्या रणगाड्यांवर इस्राएलने मिटिअर पेट्रोल इंजिन काढून ७५० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल डिझेल बसवलं. मूळचा मेरिट-ब्राऊन गिअरबॉक्सही काढला आणि ॲलिसनचा ऑटोमॅटिक घातला. पन्नास टनी यंत्रालाही नियम तोच.

*

सौताड्याचा घाट उतरताना पाचवा गिअर कामाचा नाही. तिथं हवा दुसरा, आणि इंजिनाने गाडी धरून ठेवायला हवी. वेग वाढवणारा बॉक्स घालण्याआधी ब्रेक बघा. सीजे-३बी चे मूळ ड्रम ९ इंची आहेत. ब्रेकचा खर्च आधी, गिअरबॉक्सचा नंतर, हा क्रम उलटू नये.

*

कायदाही ध्यानात असू द्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. तेव्हा मूळ इंजिन शाबूत असेल तर टी-९० दुरुस्त करा आणि गाडी आहे तशी राखा. अशा गाड्या आता थोड्याच आहेत. त्या तशाच राहिल्या पाहिजेत. इंजिन बदलायचंच असेल तर काम सुरू करण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्या.

*

शेवटचा मुद्दा क्लचचा. नवं इंजिन बसवलं की हौसेने सगळ्यात कडक प्रेशर प्लेट टाकतात. तसं करू नये. या साखळीत काहीतरी आधी हार मानणारच. ते क्लच असावं. क्लच घसरला तर वास येतो, गाडी दम तोडते, माणूस बाजूला घेतो. दात तुटून बॉक्समध्ये अडकला तर मागची चाकं चालत्या गाडीत जागीच धरतात, आणि जिपेत माणसं बसलेली असतात. म्हणून इंजिनाच्या टॉर्कला पुरेल एवढाच क्लच, त्याहून दणकट गिअरबॉक्स, आणि त्याहून दणकट एक्सल. निवड या क्रमाने केली की बॉक्स कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न सोपा होतो.