इंडोलंट

"फादर, इंडोलंट म्हणजे काय हो?" कल्याणच्या एका इस्पितळात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हांस विचारले. त्याच्या हाती वडिलांच्या गाठीचा तपासणी-अहवाल होता.

हा तरुण डोंबिवलीचा. कित्येक रविवार तो मिस्सेला दिसला नव्हता. "ठाण्याच्या नोकरीसाठी पहाटेची लोकल चुकत नाही, देवाघरी यायचाच तेवढा आळस!" असे आम्ही त्यास चारचौघांत सुनावलेही होते. सेमिनरीतील इंग्रजीच्या भरवशावर आम्ही तत्काळ उत्तरलो, "इंडोलंट म्हणजे आळशी."

त्याचा चेहरा उतरला. "जन्मभर पहिल्या पाळीला गेलेल्या माझ्या बाबांना आळशी म्हणतात?"

डॉक्टरबाईंनी उलगडा केला. हे विशेषण माणसाचे नव्हे, आजाराचे. जी गाठ सावकाश वाढते, फारसा त्रास देत नाही, ती इंडोलंट. अशा गाठीवर पुष्कळदा लगेच उपचारही करीत नाहीत. नुसते लक्ष ठेवतात. मग त्यांनी विचारले, "पक्षाघातानंतर रात्री यांच्यापाशी कोण असतं?"

"मीच," तो म्हणाला. "रविवारी सकाळी आई बसते, तेव्हा जरा डोळा लागतो."

आम्ही खाली पाहिले. पक्षाघाताची वार्ताही आम्हांस नव्हती.

रात्री लॅटिन कोश उघडला. 'दोलोर' म्हणजे वेदना, 'इन' हा नकार. सिसेरोने 'इंडोलेन्शिया' हा शब्द वेदनामुक्ती या अर्थाने योजिला. इंग्रजीत सतराव्या शतकात हे विशेषण न दुखणाऱ्या गाठींना व व्रणांना लावीत. आळशी हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. सात मूळ पापांतील आळसाविषयी संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच शिकविले, की तो अंगाचा जडपणा नव्हे. दैवी कल्याणाचाच मनाला वाटणारा विषाद होय. म्हणजे दिवसभर राबणारा माणूसही आळशी असू शकतो.

१५ सप्टेंबरला आपण दुःखी मातेचा सण पाळतो. 'मातेर दोलोरोसा' हे तिचे नाव त्याच 'दोलोर'पासून आले. क्रुसापाशी ती केवळ उभी राहिली. परंतु पुत्राची वेदना तिला दुखत होती. आम्ही मात्र वर्षभर मिस्सा, सभा, प्रवचने यांत गुंतलो होतो, आणि आम्हांस काहीच दुखले नव्हते. अहवालातील ते विशेषण आमचेच होते.

पुढल्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन त्याच्या घरी गेलो. क्षमा मागितली, आणि त्याच्या बाबांपाशी बसलो. तो दुपारपर्यंत झोपला.