कोपऱ्यातला गडी

‘बोली’ या शब्दाशी माझा संबंध गेली अठरा वर्षे आहे. वर्गात मी लेवा गणबोली, तावडी, अहिराणी असे भेद समजावून सांगतो आणि मागच्या बाकावरची मुले मी त्यांच्या बोलीतला कोणता शब्द चुकीचा उच्चारला याची मोजदाद ठेवतात. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ एक दिवस माझ्या मानगुटीवर बसेल असे मला कधी वाटले नव्हते. यंदाच्या गणेशोत्सवाआधी तो बसला.

झाले असे की, दीपनगरच्या आमच्या वसाहतीतल्या तरुण मंडळींनी कबड्डीचे सामने ठरवले. नुसते सामने ठरवून थांबतील तर ती तरुण मंडळी कसली! दूरदर्शन संचावर मोठ्या संघांचे लिलाव पाहून त्यांनी ठरवले की आपणही गडी लिलावातच घ्यायचे. सहा संघ. प्रत्येकाच्या थैलीत 100 गुण. त्यात दहा गडी बसवायचे आणि प्रत्येकाची बोली 2 गुणांपासून सुरू. यात पैशाचा संबंध नव्हता, पण अब्रूचा होता. एका संघाला व्यवस्थापक मिळेना, म्हणून मंडळी माझ्याकडे आली. “सर, तुम्हाला दुसरं काय काम असतं?” असे ती म्हणाली नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते वाचता येत होते. मी या वसाहतीत राहतो तेही काही माझ्या कर्तृत्वावर नव्हे. घर सौभाग्यवतींच्या नोकरीचे. त्या वीजकेंद्रात अभियंता आहेत, पाळीप्रमाणे जातात-येतात, आणि मी भुसावळला मराठी शिकवून संध्याकाळी चिमण्यांच्या सावलीत परत येतो.

मी व्यवस्थापक झालो आणि आमच्या व्हरांड्यात एक मंत्रिमंडळच बसू लागले. बॉयलर विभागातून निवृत्त झालेले एक फोरमन, बँकेतले एक शेजारी आणि आमचे चिरंजीव. चिरंजीव अकरावीत आहेत आणि उजव्या कोपऱ्यावर खेळतात. प्रश्न एकच होता : थैली आधी कोणावर रिकामी करायची? चढाईच्या गड्यावर की पकडीच्या?

माझे मत पहिल्या दिवसापासून पक्के होते. चढाई! सामना जिंकायला गुण लागतात आणि गुण आणतो तो चढाईवाला. तीस सेकंदांत एकटा सात जणांच्या घरात शिरतो आणि दम न सोडता परत येतो. याच्याइतके नाट्य कोणत्या नाटकात आहे? मी दाखला दिला तो पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालचा. 2017 साली त्याने एका हंगामात चढाईचे 369 गुण घेतले. एकाच चढाईत 8 गुण घेण्याचा पराक्रमही त्याच हंगामातला. पाटण्याने ओळीने तीनदा अजिंक्यपद मिळवले ते अशा गड्याच्या जोरावर.

“आणि नंतर?” चिरंजीवांनी विचारले.

त्यांच्याजवळ एक वही आहे. गणिताची म्हणून घेतलेली आणि कबड्डीने भरलेली. ती उघडून त्यांनी मला ऐकवले. 2022 च्या लिलावात तामिळ थलैवाजने पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामभर बाहेर बसला. संघ मात्र उपान्त्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्यालाच 2 कोटी 60 लाखांच्या वर भाव दिला. तो उत्तम खेळला, पण 22 सामन्यांत संघ जिंकला फक्त दोन आणि तळाला राहिला. त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख मोजले ते इराणच्या महंमदरेझा शादलूईसाठी. तो अष्टपैलू खरा, पण त्याची खरी जागा डाव्या कोपऱ्यावर. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरयाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले अजिंक्यपद घेतले. मग हरयाणाने शहाणपणा केला. पुढच्या लिलावात शादलूईलाच 2 कोटी 7 लाखांना उचलले, आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला बालेवाडीत अजिंक्यपद हरयाणाकडे गेले.

“योगायोग,” मी म्हणालो. वादात हरू लागलेल्या प्राध्यापकाला हा शब्द फार उपयोगी पडतो. शिवाय पलटणची चढाईसुद्धा काही लेचीपेची नव्हती. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत अशी भारी माणसे होती.

“हो, पण ती त्यांनी लहानपणापासून तयार केली. महाग बाहेरून घेतला तो कोपरा.”

फोरमनसाहेब बशीतला चहा संपवून म्हणाले, “पोरगं बरोबर बोलतंय, भो. पण कोपऱ्याला टाळ्या पडत नाहीत ना!”

हे मात्र खरे. 2018 साली या लिलावांत पहिला कोटीचा आकडा गाठला तो यू मुंबाच्या फझल अत्राचलीने, म्हणजे कोपऱ्यावरच्याच गड्याने. पण त्याच लिलावात चढाईच्या मोनू गोयतला 1 कोटी 51 लाख मिळाले आणि सर्वांत महाग म्हणून नाव झाले ते त्याचे. मराठी माणसाला पाय ओढण्याची विद्या उपजत असते असे आपण एकमेकांना ऐकवतो. मग ज्या खेळात पाय ओढणे हेच पुण्यकर्म, तिथे पाय ओढणाऱ्याला एवढा कमी भाव का, हे मला कळत नाही. चढाईवाला घोट्यापाशी आला की वाकून त्याचा पाय धरायचा, त्याच्या सगळ्या वजनासकट मातीवर फरफटत जायचे आणि मध्यरक्षक येऊन अंगावर पडेपर्यंत सोडायचे नाही. टाळ्या पडतात त्या शेवटी अंगावर पडणाऱ्याला.

एका रात्री जेवताना सौभाग्यवतींनीही आपला निकाल दिला. भरताचे वांगे भाजल्याचा वास अजून घरात होता. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे पाहुणे आले की टर्बाइन बघून खूश होतात. बॉयलरच्या नळ्या कोणी बघत नाही. पण त्यातली एक नळी गळली की सगळा संच बंद.” चिरंजीवांनी ताटातला घास तसाच ठेवून आईकडे पाहिले. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. आईबाप दोघेही आपल्याच बाजूला आले तर मुलाची हौस काय राहिली?

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी व्हरांड्यात सांगितली नव्हती. आठवीत असताना मीही शाळेच्या संघात होतो, मध्यरक्षक म्हणून. साखळी धरून उभा राहायचो. एका सामन्यात आमच्या कोपऱ्याने पाय धरला, पक्का धरला. मी झेप घ्यायची तो अर्धा क्षण बघतच राहिलो. कोपरा बिचारा एकटाच रेषेपर्यंत ओढला गेला. सामना गेला. माझे नाव कोणी घेतले नाही, सगळे त्यालाच बोलले. मीही काही बोललो नाही. पुढच्या वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत नाव दिले.

लिलावाचा दिवस उजाडला. मी ठरवल्याप्रमाणे पहिलाच नामांकित चढाईवाला उचलला. बोली चढत गेली. बँकेतले शेजारी माझा सदरा ओढत होते, तरी मी 61 वर जाऊनच थांबलो. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या मलाच आहेत असे मला वाटले. उरलेल्या 39 गुणांत नऊ गडी! पुढचा तासभर मी भाजीबाजारात महिनाअखेरीला फिरणाऱ्या माणसासारखा बसलो होतो.

मग चिरंजीवांचे नाव पुकारले गेले. “उजवा कोपरा, बोली दोनपासून.”

कोणी बोलेना. माझ्या थैलीत तेव्हा पाच गुण होते आणि एकच जागा भरायची होती. तोंड उघडावे तर लोक म्हणणार, बापाने मुलाला घेतला. न उघडावे तर मुलगा समोर भिंतीला टेकून उभा. तो माझ्याकडे बघत नव्हता. छताच्या पंख्याकडे बघत होता, आणि त्या पंख्यात बघण्यासारखे काही नव्हते. निवेदकाने एकदा म्हटले, दोनदा म्हटले. तेवढ्यात मागून सुरक्षा विभागातल्या संघाने “दोन” म्हटले आणि हातोडी पडली. उरलेल्या पाच गुणांत मी आणखी एक चढाईवाला घेतला. त्याचे आता मला नावही आठवत नाही.

घरी परतताना आम्ही दोघे काहीच बोललो नाही. दारात चपला काढताना तो म्हणाला, “तुम्ही केलं ते बरोबरच होतं, पप्पा. पण 61 जास्त झाले.”

आमचा आणि सुरक्षा विभागाचा सामना चौथ्या दिवशी आला. माझ्या एकसष्टीच्या वीराने पूर्वार्धात मैदान दणाणून सोडले. उत्तरार्धात दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि तिसरी आली, गुण आणा नाहीतर बाद व्हा अशी. तो उजव्या कोपऱ्याकडे वळला. आमच्या चिरंजीवांनी खाली झेपावून त्याचा घोटा धरला. वीर मधल्या रेषेकडे निघाला आणि मातीवर पोटावर ओढला जाणारा माझा मुलगा त्याच्यामागे. हात सुटला नाही. शेजारचा मध्यरक्षक, कोणाचा तरी असाच आठवी-नववीतला मुलगा, अर्धा क्षण बघतच राहिला. वीराचा हात रेषेला लागला. पंचांनी गुण आम्हाला दिला. आमच्या बाजूचे सगळे उभे राहून ओरडत होते. मीही उभा राहिलो होतो, पण टाळी वाजवायला हात एकत्र येईनात. पुढे सामना आम्ही तीन गुणांनी जिंकला आणि अंतिम फेरीत सणकून हरलो. त्याबद्दल लिहिण्यासारखे विशेष नाही.

त्या रात्री सौभाग्यवती रात्रपाळीला गेल्या होत्या. मी कापूस आणि औषधाची बाटली घेऊन बसलो. चिरंजीवांचा कोपर मनगटापर्यंत सोलवटला होता.

“त्या मध्यरक्षकावर रागावलास?” मी विचारले.

“नाही. नवा आहे तो. पण पप्पा, पुढच्या वर्षी गडी घ्याल तेव्हा मध्यरक्षक बघून घ्या. कोपरा धरतो हो. मागून कोणीतरी यायला पाहिजे.”

मी बाटलीचे झाकण काढत होतो. ते मी पुन्हा लावले, आणि आठवीतल्या त्या सामन्याची हकीकत त्याला पहिल्यापासून सांगितली. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. संपल्यावर एवढेच विचारले, “त्या कोपऱ्याचं नाव काय होतं?”

मी सांगितले. बाहेर कोळशाची मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी म्हणालो, “हात पुढे कर.” कापूस लागताच त्याने हात आखडला, आणि दात आवळून परत पुढे केला.