वर्गावर कोण बसणार ?

बालवर्गास शिकविणाऱ्या बाईस पदवी हवी कशाला, हा प्रश्न आम्हीं स्वतः एकदां भर सभेंत विचारलेला आहे. त्या गोष्टीस आतां तीस वर्षें होऊन गेलीं. तालुक्याच्या गांवीं एक लहानसें बालकमंदिर होतें आणि त्याच्या कार्यकारी मंडळावर आमची वर्णी लागली होती. ती कांहीं आमच्या शिक्षणविषयक ज्ञानामुळें नव्हे, तर बँकेंतील नोकरीमुळें हा मनुष्य हिशेब नीट ठेवील अशी इतरांची समजूत होती म्हणून. मंदिरांत दोन बाई होत्या. त्यांतील थोरल्या बाई जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, बालवाडीचा एक लहानसा अभ्यासक्रम पुरा केलेल्या, आणि तीन वर्षांच्या रडणाऱ्या पोरास पहिल्याच दिवशीं हंसत घरीं पाठविण्याची विद्या अंगीं असलेल्या अशा होत्या. नाशिकास १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण यांच्या नांवें मुक्त विद्यापीठ निघालें, तेव्हां घर आणि नोकरी सांभाळून पदवी घेतां येईल अशी आशा ज्या असंख्य स्त्रियांच्या मनांत उत्पन्न झाली त्यांत या बाईही होत्या. जिल्ह्याच्या गांवीं अभ्यासकेंद्र होतें. बाईंनीं अर्ज दिला कीं, शनिवारीं दोन तास लवकर सुटण्याची परवानगी मिळावी व परीक्षेकरितां बारा दिवसांची रजा मिळावी. पैसा त्यांनीं मागितला नव्हता.

अर्ज सभेपुढें आला. अ आ इ ई शिकवावयास बी. ए. कशाला, असें आम्ही म्हणालों आणि सभा हंसली. दुसऱ्या एका गृहस्थांनीं मुद्दा काढला कीं, बाई पदवीधर झाल्या म्हणजे आपल्याकडे कशाला राहतील ? तिसऱ्यांनीं मात्र व्यवहाराची गोष्ट विचारली : ‘तेवढा वेळ वर्गावर कोण बसणार ?’ या प्रश्नानें विषय संपला. पुढें त्याच वर्षीं शिक्षकदिनीं आम्हीं बाईंचा शाल व नारळ देऊन सत्कार केला. शालीची किंमत आम्हींच वहींत मांडली होती, म्हणून ती स्मरणांत आहे. बदली बाईस बारा दिवसांचें जें द्यावें लागलें असतें, त्याहून ती थोडी अधिकच भरली. बाईंनीं पहिल्या वर्षाचे जे पेपर सुटीच्या वारीं आले तेवढे दिले आणि पुढें नांव काढून घेतलें, असें मागाहून कानांवर आलें.

इतक्या जुन्या गोष्टीची आठवण होण्यास कारण घडलें तें साता समुद्रांपलीकडे. आम्ही उभयतां मध्यंतरीं कांहीं महिने अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना राज्यांत कन्येकडे राहिलों होतों. रॅले या राजधानीस लागून केरी नांवाचें गांव आहे. तेथें आपल्याकडील कुटुंबांची वस्ती बरीच आहे, आणि वाणसामानाच्या दुकानांत मराठी कानीं पडली म्हणून कोणी वळून पाहत नाहीं. नातवास पाळणाघरांत पोंचविण्याचें व आणण्याचें काम आमच्याकडे आलें. तेथील बाई पंचेचाळिशीच्या, अठरा वर्षें हेंच काम केलेल्या. दर बुधवारीं दुपारीं त्या दिसत नसत. त्यांच्या जागीं दुसरीच कोणी बसलेली असे. त्यांना कांहीं दुखणें असावें अशा समजुतीनें आम्ही एके दिवशीं चौकशी केली. ‘दुखणें कसलें ? बुधवारीं माझें कॉलेज असतें,’ असें त्या नातवाच्या बुटाची नाडी बांधतां बांधतां म्हणाल्या.

त्यांनीं जी हकीकत सांगितली व आम्हीं पुढें जी चौकशी केली तिचा सारांश असा. बालशिक्षिकांस महाविद्यालयीन पदवी घेतां यावी म्हणून या राज्यांत १९९० सालीं एकवीस शिक्षिकांस घेऊन एक शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. तिला ‘टीच’ असें सुटसुटीत नांव आहे. पुढें राज्य सरकारनें तींत पैसा घातला, आणि तिचें अनुकरण वीसांहून अधिक राज्यांनीं केलें. शिष्यवृत्ति म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें फी उभी राहते. फीचा व पुस्तकांचा बहुतेक भार ही योजना उचलतेच. थोडा वांटा पाळणाघराचा व थोडा शिकणारीचा असतो. जाण्यायेण्याचा खर्चही कांहीं अंशीं मिळतो. परंतु आम्ही थबकलों तें पुढच्या कलमापाशीं. शिकणाऱ्या बाईस आठवड्यांतून कांहीं तास पगारी मोकळीक द्यावयाची, आणि त्या तासांबद्दल पाळणाघरास योजनेंतून भरपाई मिळावयाची, म्हणजे त्या वेळेपुरती बदली बाई ठेवतां येते. करार वर्षावर्षाचा. ठरलेले विषय उत्तीर्ण झाले कीं पगारवाढ किंवा एकरकमी बक्षीस मिळतें, आणि त्याच्या बदल्यांत शिक्षिकेनें आणखी कांहीं काळ, बहुधा वर्षभर, आपलें काम सोडावयाचें नाहीं.

आमच्या सभेंतील दुसऱ्या व तिसऱ्या गृहस्थांचे आक्षेप जणुं कोणीं समोर ठेवून त्यांवर हीं कलमें रचलीं होतीं ! मूर्ख माणसें सर्व देशांत सारखेच प्रश्न विचारतात. फरक एवढाच कीं, कोठें त्या प्रश्नांनीं सभा संपते आणि कोठें त्यांना उत्तर शोधावयास कोणी तरी बसतें.

राहिला आमचा स्वतःचा आक्षेप. पदवीनें बाई अधिक चांगलें शिकवूं लागते काय ? येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, विद्वानांत या बाबतींत एकमत नाहीं. याच राज्यांतील चॅपेल हिल येथील संशोधकांनीं इतरांच्या साहाय्यानें सात मोठ्या पाहण्यांची आंकडेवारी एकत्र तपासून २००७ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, केवळ शिक्षिकेच्या पदवीवरून वर्गाची प्रत किंवा मुलांची प्रगति निश्चित ओळखतां येत नाहीं. तो निष्कर्ष वाचला तेव्हां आम्हांस क्षणभर बरें वाटलें, हेंही लपवीत नाहीं. मात्र आमची सभा अशा कोणत्याही पाहणीवर विसंबून हंसली नव्हती. बुधवारच्या बाईंना आम्हीं सरळच विचारलें कीं, अठरा वर्षांच्या अनुभवानंतर कॉलेजांत नवें तें काय मिळालें ? त्या म्हणाल्या, ‘दोन वर्षांचें मूल दुसऱ्यास चावलें कीं मी त्याला खोडकर समजत असें. मूल बोलावयास कसें शिकतें हा विषय झाल्यावर कळलें कीं, ज्याच्याजवळ शब्द नसतात तें दांत वापरतें. आतां मी त्याला आधीं शब्द देतें.’ आमचा नातू त्याच वयाचा होता आणि त्याच्या दातांविषयीं आम्ही एकदोनदां मान खालीं घालून आलों होतों. त्यामुळें हें उत्तर आम्हांस सात पाहण्यांपेक्षां अधिक पटलें, यांत पक्षपात असेल तर असो.

पदवी हातीं आल्यावर पुढें काय, या प्रश्नास मात्र त्या नुसत्या हंसल्या. सरकारी शाळेंतील शिक्षिकेस जो पगार व जे हक्क मिळतात ते पाळणाघरांतील शिक्षिकेस मिळत नाहींत, आणि पदवीधर होतांच शाळेकडे वळणाऱ्या पुष्कळ असतात. कराराचें वर्ष संपलें कीं पाखरूं उडतें. न्यू जर्सीनें या बाबतींत अधिक धैर्य दाखविलें, तेंही कोर्टाच्या हुकुमानें. तेथील सर्वोच्च न्यायालयानें गरीब वस्तीच्या जिल्ह्यांत तीनचार वर्षांच्या मुलांस शिक्षण देण्याचा हुकूम १९९८ मध्यें केला, आणि २००० सालीं तेथील शिक्षिकांस पदवी मिळविण्यास सप्टेंबर २००४ पर्यंतची मुदत घालून दिली. राज्यानें त्यांचा शिक्षणखर्च उचलला आणि सरकारी शाळांच्या बरोबरीनें पगार करण्याची तजवीज केली. बहुतेक जणींनीं ती मुदत गांठली. उलट वॉशिंग्टन शहरांत २०१६ मध्यें पाळणाघरांतील शिक्षिकांस महाविद्यालयीन शिक्षणाची सक्ती झाली, तेव्हां ‘आम्हीं या वयांत हें कसें करावें ?’ म्हणून फिर्याद झाली. २०२२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें नियम कायम केला. कायदा कोर्टांत टिकला, पण फिर्याद करणारीच्या जागीं आम्हांस आमच्या बालकमंदिराच्या बाई दिसत राहिल्या. येथें शिकूं इच्छिणारीस अडविलें, तेथें नको म्हणणारीस ढकललें.

आपल्याकडे अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. तिच्या सेविकेस जें मिळतें त्यास पगार न म्हणतां ‘मानधन’ म्हणतात. त्यांतील मान किती आणि धन किती याचा हिशेब सेविकांनीं मोर्चे काढून वेळोवेळीं जाहीर केलेला आहेच. त्यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हें सांगण्यास २०२२ साल व सर्वोच्च न्यायालय लागलें. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०२० सालीं बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचा व त्याहून कमी शिकलेलीस एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला, तोही दूरचित्रवाणी व मोबाइल यांच्या द्वारें, चालूं कामास धक्का न लागेल अशा बेतानें. कामास धक्का लागणार नाहीं. मग अभ्यास रात्रीं, भांडीं घांसून झाल्यावर, हें उघडच आहे.

बालशिक्षणाची थोर परंपरा आमच्या प्रांतास नाहीं असें नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. अंगणांतच वाडी भरविण्याची कल्पना त्यांचीच. त्यांच्यासवें गेलेल्या अनुताई वाघ यांनीं पुढें कोसबाडच्या टेकडीवर सारें आयुष्य वेंचलें. त्या अनुताई १९६१ सालीं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं, डोळ्यांनीं नीट दिसत नसतांना बी. ए. झाल्या. हा प्रसंग आम्हीं भाषणांत कित्येकदां सांगितला आहे, आणि दर वेळीं टाळ्या घेतल्या आहेत. आमच्या बाईंचा अर्ज ज्या वर्षीं फेटाळला गेला त्या वर्षींच्या सत्काराच्या भाषणांतही तो होता.

परत आल्यावर आम्ही बाईंकडे गेलों. त्या आतां सत्तरी ओलांडून एस. टी. स्थानकामागें लेकाकडे राहतात. त्यांनीं आधीं नातवाची चौकशी केली, तो रडतो कीं नाहीं, हातानें जेवतो कीं नाहीं. मग आम्हीं बुधवारच्या बाईंची सारी हकीकत सांगितली. ती सांगतांना जें म्हणावयाचें म्हणून आलों होतों तें म्हणून टाकलें; त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, ‘मग त्या कॉलेजला गेल्या की वर्गावर कोण बसतं ?’

बदली बाईची व्यवस्था आम्हीं समजावून दिली. बाईंनीं बोटांवर मोजलें. ‘तीन तास म्हणजे गोष्ट, डबा आणि झोपवणं,’ त्या म्हणाल्या. ‘मला दोनच हवे होते. शनिवारी तुमचीही बँक अर्धा दिवसच असायची, साहेब.’ हें त्यांनीं अगदीं सहज, जुने दिवस आठवावे तसें म्हटलें आणि नातवाकरितां चित्रांचें पुस्तक काढावयास कपाटाकडे गेल्या. खालच्या फळीवर विद्यापीठाचीं पुस्तकें तपकिरी कागदाचीं वेष्टणें घालून रचलेलीं होतीं.

‘फोन कराल तेव्हां एवढं विचारा,’ पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, ‘त्या बाईंना पुढच्या वर्षाला विषय कोणते आहेत ?’